नाव न घेता

मोइरा पॉवर नर्सिंगची परीक्षा पास झाली तेव्हा कॉडनर्स कोव्ह गावात चर्चची घंटा तेवढी वाजवायची राहिली. बाकी सगळं झालं. तिची आई बर्नी एप्रनसकट रस्त्यावर धावली, समोरून येणारा मासळीचा ट्रक हात करून थांबवला आणि ड्रायव्हरला बातमी सांगितली. तो बिचारा परगावचा. त्याने अभिनंदन केलं नि घाईघाईने ट्रक पुढे काढला. संध्याकाळपर्यंत घरात एवढे केक जमले की कुत्र्यालासुद्धा कंटाळा आला.

आणि नशीब बघा, त्याच महिन्यात जागा निघाली. किनाऱ्यावरच्या चार गावांना मिळून घरोघर जाणारी एक नर्स हवी होती. जखमा बांधायच्या, इन्सुलिन द्यायचं, म्हाताऱ्यांचे सुजलेले पाय बघायचे. आधीची बाई स्वतःच्याच गुडघ्यांना वैतागून निवृत्त झाली होती. मुलाखत मंगळवारी, हेरॉन बेच्या इस्पितळात. ही जागा मिळाली तर मोइरा घरी राहणार होती. नाही मिळाली तर पोटासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला. अल्बर्टाने या घरातली दोन माणसं आधीच गिळली होती. बाप गेला तो तिकडेच दुसरं घर करून बसला, आणि भाऊ नाताळला येतो तेव्हा टॉवेल कुठे असतो म्हणून पाहुण्यासारखा विचारतो. अल्बर्टाचं नाव निघालं की बर्नी विषय बदलायची.

"तू नुसती शांत बस," ती लेकीला म्हणाली. "मुलाखतीची तयारी मी करून घेते."

ही मदत कोणी मागितली नव्हती. पण ती कामाला जायची तो खेकड्यांचा कारखाना मोसम संपून बंद झालेला, बर्नीचे हात रिकामे, आणि रिकाम्या हातांची बर्नी म्हणजे घराला धोका. शनिवारी दुपारी तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, चष्मा नाकावर चढवला, मोबाइलवर प्रश्न शोधले आणि टेबलाच्या मुख्य खुर्चीत जाऊन बसली.

अशा मुलाखतींची हल्ली एक ठरलेली तऱ्हा असते. तुम्हाला काय येतं असं कुणी सरळ विचारत नाही. अमुक झालं तेव्हाचा एक प्रसंग सांगा, म्हणतात. काय घडलं, तुम्ही काय केलंत, त्यातून काय झालं. समोरची माणसं मान हलवत कागदावर गुण मांडतात. मोइराच्या वर्गातल्या सगळ्या पोरींनी आपापले प्रसंग घोटून पाठ केले होते. मोइराकडे दमदार म्हणावा असा एकच होता, सेंट जॉन्स शहरातल्या इस्पितळात शिकत असतानाचा.

"पेशंटचा विश्वास मिळवल्याचा एक प्रसंग सांगा," बर्नीने विचारलं. आवाज एकदम बिशपचा.

"एक वयस्क पुरुष पेशंट होते. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पोटाला शौचाची पिशवी लावली होती. ते सहकार्य करत नव्हते. मी त्यांच्याशी संवाद साधला. नंतर ते सहकार्य करू लागले."

"झालं?"

"झालं."

"अगं, तू हवामानाचा अंदाज सांगतेयस का? वारे नैऋत्येकडून, पेशंट ईशान्येकडून! कोण देईल तुला नोकरी?"

दिवाणावरून फिलमावशी खुदकन हसली. ती कधी आत आली हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. या गावात दार फक्त पोलीस आणि मतं मागणारे वाजवतात. बाकीचे सरळ आत येतात, किटली गरम असेल तर कप घेतात आणि चुलीजवळच्या दिवाणावर बसतात. फिलमावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती आणि म्हणून सगळ्यांची होती. मनाने सोन्यासारखी बाई. कुणाच्या घरी दुखणं आलं की हिच्या पायाला चाकं लागायची.

"बर्नी बरोबर बोलतेय गं बाळ," फिलमावशी म्हणाली. "आम्हाला तो माणूस दिसला पाहिजे."

"मावशी, पेशंटचं सगळं सांगायचं नसतं."

"नाव नको सांगूस! नाव कोण मागतंय? पण थोडी मीठमिरची तर लाव."

मोइराने परत सांगितलं. या वेळी पेशंट भिंतीकडे तोंड करून झोपला. बर्नीने मान हलवली, बरं आहे, पण अजून अळणीच. आता मोइराही चिडली होती. तिला दाखवून द्यायचं होतं. गोष्ट चांगली आहे, मुळात फार चांगली आहे, हे तिला ठाऊक होतं, आणि चांगली गोष्ट पोटात ठेवणं किती कठीण असतं हे ज्याने ठेवलीय त्यालाच कळतं.

"आठवडाभर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते," ती म्हणाली. "पोटाकडे बघायचेच नाहीत. 'ते माझं नाही' म्हणायचे. आम्ही पिशवी बदलायला गेलो की डोळे गच्च मिटून घ्यायचे. मग एक दिवस मी रिंग कापत होते. पिशवीखाली बसते ना, गळू नये म्हणून, ती. वाकडी कापली गेली. दुसरी घेतली, तीही वाकडी. गळायला लागलं, वास सुटला, मला रडूच यायला लागलं. तर त्यांनी एक डोळा उघडला नि म्हणाले, 'पोरी, असं गॅस्केट कापलंस तर बोट भर समुद्रात बंद पडेल. आण ती कात्री इकडे.' त्यांच्याकडे ती जुनी इंजिनं असतात ना, एका सिलिंडरची, टुकटुक करणारी, ती ते दुरुस्त करतात. गॅस्केटं, म्हणजे इंजिनाच्या सांध्यांत बसतात त्या चकत्या, घरीच कापतात. आता रिंग कापायची म्हणजे माप घ्यायला पोटाकडे बघणं आलंच. बघितलं त्यांनी. पहिल्यांदा. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, 'हात्तिच्या, एवढंच होय,' आणि अशी गोल कापली, अशी गोल, की आमच्या सिस्टर बघत राहिल्या. त्या दिवसापासून ते सगळं स्वतःचं स्वतः करायला लागले."

 बर्नीचे डोळे पाणावले होते. फिलमावशीचा कप ओठांपाशी थांबला होता. जिंकलं आपण, असं मोइराला वाटलं. मनापासून आनंद झाला तिला. पुढे सगळ्यांत जास्त टोचलं ते हेच, की त्या वेळी तिला आनंद झाला होता.

मग दोघी बायकांनी एकाच वेळी खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे अँब्रोस काकांचं घर आणि त्यांची शेड होती. शेडच्या दाराशी, ताडपत्रीखाली, जुनं इंजिन होतं. या किनाऱ्यावर तसली इंजिनं दुरुस्त करणारा माणूस एकच.

आणि हा माणूस उन्हाळ्यात सेंट जॉन्सला जाऊन आला होता. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन, असं त्याने सांगितलं होतं आणि गावाने मानलं होतं. तेव्हापासून शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला येत नव्हता. लोक म्हणायचे, अँब्रोस हल्ली फार शिष्ट झालाय.

"बरं, मी निघते," फिलमावशी एकदम उठली. "पावाचं पीठ फुगून भांड्याबाहेर आलं असेल."

मोइराच्या तोंडचं पाणी पळालं. थांबा म्हणावं? मावशी, कुणाला सांगू नका म्हणावं? पण तसं म्हणणं म्हणजे तेच आहेत असं सांगणं. न म्हणावं तर फिलमावशी चालली दार उघडून. मोइरा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि दार बंद झालं.

"फिल काही बोलायची नाही," बर्नी म्हणाली. आपल्याच बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "आणि तू नाव तर घेतलं नाहीस."

"नाही घेतलं," मोइरा म्हणाली.

त्या वाक्याला धरून ती रात्रभर पडून राहिली. नाव घेतलं नाही. नाव कुठे घेतलं? नर्सिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच तर, नाव घ्यायचं नाही. पण मग अँब्रोस काकांचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. इस्पितळातून निघताना त्यांनी तिच्या मनगटाला धरलं होतं. "हे गावात जायचं नाही, पोरी." आणि ती, शहाणी, छातीवर हात ठेवून म्हणाली होती, "काका, मी नर्स आहे." तेव्हा ती नर्स नव्हतीसुद्धा!

रविवारी प्रार्थनेला अँब्रोस काका आणि त्यांची बायको गर्टीकाकू नेहमीच्या बाकावर बसले. मोइराने चर्चभर नजर फिरवली. कुणी कुजबुजत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. उलट जो तो अँब्रोस काकांकडे बघून मायेने मान डोलावत होता. दाराशी एकाने त्यांची टोपी धरली, दुसऱ्याने पायरीवर हात दिला. ज्या माणसाला कालपर्यंत 'काय रे म्हाताऱ्या, अजून बुडाला नाहीस का' म्हणून हाक मारायचे त्याला आज पायरीवर हात! अँब्रोस काकांनी त्या हाताकडे बघितलं आणि खिशातला आपला हात काही बाहेर काढला नाही.

दुपारी बर्नीने ताट भरलं, वरून फॉइल लावलं. रविवारचं जेवण म्हाताऱ्या घरांना धाडायची रीत आहे. ज्याच्या घरी जास्त शिजलं तो धाडतो.

"अँब्रोसकडे देऊन ये."

"तू जा ना आई."

"मी कशाला? तू त्यांच्या मांडीवर वाढलीस. नाही गेलीस तर त्यांना काहीतरी वाटेल."

मोइरा गेली. ताट ऊन होतं, हात भाजत होते, तरी ती रस्ता ओलांडायला जितका वेळ लावता येईल तितका लावत होती. आत गेली तर टेबलावर आणखी तीन ताटं होती, फॉइल लावलेली. अँब्रोस काका खुर्चीत बसले होते, शर्ट पँटबाहेर, पूर्वी कधीच नसायचा तसा. गर्टीकाकूने मोइराच्या हातातलं ताट घेतलं, फॉइल काढलं. मग पहिल्या ताटाचं काढलं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. खारवलेलं मांस, बटाटे, गाजर, सलगम, कापडात बांधून शिजवलेली वाटाण्याची डाळ. चारही ताटांत अगदी नीट वाढलेलं. कोबी एकाही ताटात नव्हता.

आता कोबीशिवाय रविवारचं ताट म्हणजे काय, हे या किनाऱ्यावर सांगायला लागत नाही. गाजर राहील, डाळ राहील, कोबी राहत नाही. परसात एवढा उगवतो की रस्त्यावरच्या परक्या माणसाला धरून द्यावा.

"या वर्षी सगळ्यांचाच कोबी किडला वाटतं," गर्टीकाकू म्हणाली.

मोइराला कळलं. ज्याला पिशवी आहे त्याने कोबी खाऊ नये, गॅस होतो, पिशवी फुगते. फिलमावशीच्या जावेला होती तशी पिशवी. मावशीला सगळं पथ्य पाठ. माया म्हणून केलं होतं सगळ्यांनी, निव्वळ माया म्हणून. त्यात तिची आईसुद्धा आली.

"कुणी सांगितलं गं?" अँब्रोस काकांनी विचारलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं विचारत होते, जसं इंजिनाला विचारतात, कुठे बिनसलं बाबा तुझं.

"काका, मी..." आणि तिच्या तोंडून तेच निघालं, रात्रभर धरून ठेवलेलं. "मी नाव नाही घेतलं."

बोलली आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

"नाव," अँब्रोस काका म्हणाले. "नाव कशाला घ्यायला हवं? काय सांगितलंस? कात्रीचं सांगितलंस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"इंजिनाचं?"

"मंगळवारी मुलाखत आहे. तिकडे प्रसंग सांगावा लागतो. आई म्हणाली..."

"चांगला आहे प्रसंग," ते म्हणाले. "माझाच आहे, मला माहीत आहे." मग ताटांकडे बघत राहिले. "मी तुला पोट दाखवलं, मोइरा. हिला नव्हतं दाखवलं. घरी आलो तरी महिनाभर हिला दाखवलं नव्हतं."

गर्टीकाकूने पाठ फिरवून नळ सोडला. भांडी नव्हती तरी ती काहीतरी धूत राहिली.

"काका, मला माफ करा."

"करतो की." ते उठले, टोपी घेतली. "माफ करायला काय लागतं? पण शुक्रवारी हॉलमध्ये जाऊन बसलो तर ते मला उशी देतील. कळतंय ना? माझ्या पाठीला कुणीतरी उशी देईल, नि पत्ते वाटताना सगळे हळू बोलतील." दाराशी थांबून ते म्हणाले, "जा, चांगली मुलाखत दे. आईला म्हणावं जेवण छान आहे."

घरी आल्यावर मोइराने आईला नको नको ते ऐकवलं. तूच म्हणालीस अळणी आहे. तूच म्हणालीस मीठमिरची लाव. आणि कोबी, आई? कोबी? बर्नी आधी रडली, मग तिचंही डोकं फिरलं.

"मला काय माहीत तो माणूस आपला होता? मला वाटलं शहरातला कोणी असेल! तुला माहीत होतं, मोइरा. त्या टेबलाशी बसलेल्यांत तुला एकटीला माहीत होतं."

 मोइरा जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंडात हाताची मूठ धरून हमसाहमशी रडली. रडताना तिला स्वतःचीच चीड येत होती, कारण रडणंसुद्धा स्वतःसाठीच होतं. काकांसाठी काही करता येत नव्हतं. गेलेली गोष्ट घरोघर जाऊन परत मागता येत नाही. आणि अशा बाईला घरोघर जायची नोकरी हवी होती! कुणाच्या जखमा, कुणाचे ओले बिछाने, कुणाची नवऱ्यापासून लपवलेली गाठ, हे सगळं बघायची नोकरी.

सोमवारी तिने मुलाखत रद्द करायला फोन हातात घेतला.  बर्नी फक्त माळ्यावर गेली आणि अल्बर्टाला जाताना नेतात ती मोठी निळी बॅग खाली आणून दाराशी ठेवली. मोइराने बॅगेकडे बघितलं आणि फोन ठेवला. हीसुद्धा लाजच होती, पण एवढी एक लाज तिने गिळली.

मंगळवारी इस्पितळात टेबलापलीकडे तिघं होती. मधे मिसेस हिस्कॉक, घरभेटींच्या मुख्य नर्स, उभ्या चणीची कोरडी बाई. डावीकडे सेंट जॉन्सहून आलेला, भरतीचं बघणारा एक टाय घातलेला माणूस. आणि उजवीकडे बोनिता नावाची नर्स, शेजारच्याच गावातली. बोनिताचा सासरा दर शुक्रवारी कॉडनर्स कोव्हला पत्ते खेळायला जायचा.

सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. रक्तदाब, जखमा, साखर एकदम उतरली तर काय कराल. मोइराच्या हातांना काम येत होतं आणि ते तिच्या बोलण्यात दिसत होतं. मग टायवाल्याने कागद उलटला.

"पेशंटचा विश्वास मिळवल्याचा एक प्रसंग सांगा."

प्रसंग जिभेवर होता. तयार, घोटलेला, मीठमिरचीसकट. मोइराने एका आजीबाईंचे केस विंचरल्याचं काहीतरी सांगितलं. टायवाला पुढचं ऐकायला थांबला. पुढचं नव्हतंच. त्याने कागदावर काहीतरी छोटंसं लिहिलं.

"बरं. आता तुमच्या हातून झालेल्या एखाद्या चुकीचा प्रसंग. काय घडलं, तुम्ही काय केलंत, परिणाम काय."

यालाही वर्गातल्या पोरींचं उत्तर ठरलेलं असतं. अशी चूक सांगायची की ऐकणाऱ्याला ती गुणच वाटावी. मी फार मन लावून काम करते, मला विश्रांती घेणं जमत नाही, असलं काहीतरी. मोइराकडेही होतं तसलं एक.

"मी एका पेशंटचं बाहेर बोलले," ती म्हणाली. "ज्यांना कळायला नको होतं त्यांना ते कळलं."

टायवाला सरसावून बसला. "कुठे? केव्हा? जरा सविस्तर."

"सविस्तर सांगितलं तर परत तेच होईल."

"नाव सांगू नका हो," तो हसून म्हणाला. "नाव न घेता सांगा."

"नाव न घेताच सांगितलं होतं."

टायवाल्याला काही कळलं नाही. पण बोनिताने एकदम मान खाली घातली, कागद उगाचच सारखे केले, आणि तिच्या कानांपर्यंत लाली चढली. मोइराला तेवढं पुरे होतं. म्हणजे शेजारच्या गावीही पोचलं होतं. सासऱ्याला, सुनेला, सगळ्यांना. ती आज त्या गोष्टीतला एक शब्दही न बोलता तेच पुन्हा सांगून बसली होती.

"मग तुम्ही ते निस्तरलं कसं?" मिसेस हिस्कॉकनी विचारलं.

"नाही निस्तरलं. माफी मागितली. ते म्हणाले, माफ केलं."

"मग?"

"मग काही नाही. त्याने काही परत आलं नाही."

"म्हणजे यातून तुम्ही काय शिकलात, असं म्हणाल?" टायवाल्याच्या कागदावर त्यासाठीही रकाना होता.

मोइराने तोंड उघडलं. शिकले, असं म्हणायला तिला भयंकर लाज वाटली. त्या माणसाचं पोट उघडं पडलं आणि हिला धडा मिळाला, म्हणजे नफाच की! "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तो पेशंट तुम्हाला घरात घेईल?" मिसेस हिस्कॉकनी विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता.

"नाही."

ती बाहेर आईच्या ट्रकमध्ये येऊन बसली तेव्हा बर्नी म्हणाली, "कशी झाली?" आणि मोइरा म्हणाली, "बॅग माळ्यावर नको टाकूस." परत येताना सगळा रस्ता दोघी रेडिओ ऐकत बसल्या.

फोन आला तो पुढच्या सोमवारी. मिसेस हिस्कॉकचा आवाज फोनवर आणखी कोरडा होता.

"त्या चुकीच्या प्रश्नाला तुम्हाला शून्य गुण आहेत. तपशील नाही, निष्पत्ती नाही. भरतीवाले फार नाराज होते."

"हो."

"बाकीच्या प्रश्नांत पास आहात. मी मागची वीस-बावीस वर्षं लोकांना तो प्रश्न विचारतेय, आणि सगळे मला आपण किती मेहनती आहोत तेच सांगतात. एक तारखेपासून या."

मोइरा भिंतीला टेकली. पलीकडे बर्नी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

"एक आहे," मिसेस हिस्कॉक म्हणाल्या. "तुमच्या गावातलं एक घर तुमच्याकडे नसेल. त्यांनी कळवलंय. तिथे इकडून दुसरी नर्स येत जाईल, दर गुरुवारी. मी त्यांना कारण विचारलं नाही, आणि तुम्हालाही विचारत नाही."

"बरं," मोइरा म्हणाली. आभारही मानले तिने. फोन ठेवला आणि बर्नीने तिला मिठी मारली, गदागदा हलवली, येशू मरिया योसेफ सगळ्यांना हाका मारल्या, निळी बॅग लाथेने जिन्याखाली ढकलली. केक यायला सुरुवात झाली. मोइराने प्रत्येकाच्या केकचा तुकडा खाल्ला, खिडकीकडे पाठ करून.

काम तिला आवडलं. खरंच आवडलं. चार गावांतल्या स्वयंपाकघरांत ती रोज बसायची, लोक मोजे काढायचे, शर्ट वर करायचे. फिलमावशी विचारायची, "काय गं, कोण कसं आहे?" आणि मोइरा म्हणायची, "मी बरी आहे मावशी, तुम्ही कशा?" फिलमावशीला पहिल्यांदा राग आला, मग सवय झाली.

आणि दर गुरुवारी रस्त्यापलीकडे एक पांढरी गाडी येऊन उभी राहायची. हेरॉन बेहून इतका लांब रस्ता, धुकं असो की बर्फ. गावात राहणारी नर्स समोरच्या घरात, आणि अँब्रोसच्या दारात परगावची. सगळं गाव बघायचं. कुणी मोइराला बोलून दाखवलं नाही. माया केली सगळ्यांनी, जशी आधी काकांवर केली होती. दुकानात बायका तिचा हात दाबून म्हणायच्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं." पत्त्यांच्या हॉलमध्ये काका परत दिसले नाहीत. शेडमधून इंजिनाचा आवाज मात्र येत असे.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी मोइरा आपल्या गाडीवरचा बर्फ खरवडत होती, तेव्हा पांढऱ्या गाडीतली नर्स रस्ता ओलांडून तिच्याकडे आली. शांटेल नाव तिचं, तरुण, मोकळी, सेंट जॉन्सची.

"अगं, तूच मोइरा ना? वाचव बाई. पिशवीच्या रिंगा विसरून आले मी, तिकडे दोघं खोळंबलीयत. आहेत का तुझ्याकडे?"

मोइराने गाडीची डिकी उघडली. खालच्या खोक्यात हात घातला आणि न कापलेल्या, मोठ्या, सपाट रिंगांचं पाकीट काढून दिलं. शांटेलने तिच्याकडे जरा नवलाने बघितलं.

"हीच तर हवी होती! ते आजोबा कापलेली घेतच नाहीत. स्वतःच कापतात, आणि काय कापतात, अगं! फार गोड माणूस आहे. समोरच राहतात ना तुझ्या, तू ओळखत असशीलच."

रस्त्यापलीकडे दार अर्धवट उघडं होतं. आत कुणीतरी वाट बघत उभं होतं, शर्ट पँटबाहेर.

"नाही," मोइरा म्हणाली.

शांटेल पाकीट घेऊन पळत परत गेली. ते दार लागेपर्यंत मोइराने डिकीतून मान वर काढली नाही.